टीव्हीच्या वरची काळी पट्टी

"दुपारची कवातरी न सांगता येऊन बघ गं घरी," बायजाकाकू हर्षलाला म्हणाली होती.

शेतातला वाल फुलावर आला होता, तेव्हाची ही गोष्ट. हर्षला कामावर निघालेली, खांद्याला पर्स, हातात डबा, आणि वळणावर रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खातोय. शेजारची बायजाकाकू कुंपणापाशी चुलीसाठी काटक्या मोडत होती. हे वाक्य तिनं काटक्यांकडे बघतच टाकलं. त्याला पुढं काही नाही, मागं काही नाही. हर्षला "बरं, येईन" म्हणाली आणि रिक्षात बसली. रिक्षा हमरस्त्याला लागेपर्यंत ती ते विसरूनही गेली. बायजाकाकूच्या तोंडाला कडी नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. कुणाच्या दारात कुणाची गाडी थांबली, कुणाच्या सुनेनं माहेराहून काय आणलं, सगळ्या बातम्या तिच्या कुंपणावरून फिरायच्या. तिचं बोलणं मनावर घेत बसलं तर माणसानं जगायचं कधी?

पण पुढं टीव्हीचं लचांड वाढत गेलं, आणि ते विसरलेलं वाक्य हर्षलाच्या मनात कुसळासारखं टोचायला लागलं.

घर खालापूरच्या अलीकडच्या एका गावात, रस्त्याला लागून. घरात माणसं चार. हर्षलाचा नवरा योगेंद्र रसायनीच्या एका कारखान्यात; त्याच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे तो घरी असला तरी बहुतेक झोपलेला. सासरे तात्या, जन्मभर भातशेती केलेले. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. आणि ईशानी, हर्षलाची तीन वर्षांची लेक. हर्षला स्वतः कर्जतची, बीएस्सी झालेली. जवळच्या शिळफाट्याला एका क्लासच्या ऑफिसात ती दुपारभर काम करायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. तेवढा मधला वेळ ईशानी तात्यांपाशी असे.

त्या मधल्या वेळात हर्षलाचा जीव टांगलेला असायचा. घराच्या मागं विहीर, तिला कठडा होता पण बुटका. पुढं रस्ता, आणि हल्ली त्या रस्त्यानं फार्महाऊसच्या कामावरचे डंपर धुरळा उडवत जायचे. ऑफिसात बसून फॉर्म भरून घेतानाही तिच्या डोळ्यांपुढं कठडाच असे. ती सारखी फोन करायची. पोर जेवली का, झोपली का, मागचं दार लावलंय का. तात्या एकदा वैतागून म्हणाले होते, "सूनबाय, मी पोर सांभाळू का तुजा फोन?" ती हसली होती. तात्यांवर तिचा भरवसा होता. जगात कुणावर नव्हता इतका होता. म्हणूनच तो जेव्हा हलायला लागला, तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच हलली.

दिवाळीत योगेंद्रनं मोठा टीव्ही आणला. जुन्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्समधून लाल-पिवळ्या-पांढऱ्या तीन वायरी येत. नव्याला एकच जाड एचडीएमआयची वायर. ती जोडून दिली जितेशनं. जितेश म्हणजे योगेंद्रचा चुलतभाऊ, शिळफाट्याला त्याचं मोबाईलचं दुकान. पहिले काही दिवस तात्या खूष होते. बातम्या, कुस्त्या, ईशानीसाठी कार्टून, सगळं चाललं होतं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "टीवीत कडंला चमकतंय गं. इजंसारखं."

हर्षलानं टीव्हीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. चित्रात चमचम दिसली तर वायर सैल असते, असं त्यात लिहिलं होतं. तिनं टीव्हीच्या मागं वाकून वायरीची दोन्ही टोकं दाबून बसवली. "आता?" तात्या खुर्चीतून म्हणाले, "आता नाय." झालं, मिटलं.

आठवडाभरानं चित्रात माश्या आल्या. बारीक काळे ठिपके, इकडून तिकडं पोहतात म्हणे. हर्षलानं पुन्हा टोकं दाबली, बॉक्स बंद करून चालू केला. तात्या म्हणाले, गेल्या. दोन दिवसांनी म्हणाले, आल्या.

आणि संक्रांतीच्या सुमाराला वरच्या बाजूला काळी पट्टी दिसायला लागली.

या घरात चित्र दुरुस्त करायची एक जुनी रीत होती. घरावर कौलं होती आणि कौलांवर अँटेना होता, तेव्हापासूनची. छोटा योगेंद्र कौलावर चढून अँटेना फिरवायचा, खाली तात्या टीव्हीसमोर बसून ओरडायचे. आलं का? नाय. आता? आलं, आलं, गेलं. आता कौलांच्या जागी स्लॅब आला, अँटेना भंगारात गेला, पण रीत राहिली. दुरुस्त करणारा टीव्हीच्या मागं, तात्या पुढं खुर्चीत. मागच्याला दिसणार काय? धूळ, जाळी आणि भोकं. चित्र आलं की नाही हे तात्या सांगतील ते खरं.

आणि हर्षलाची जागा स्वयंपाकघराच्या दारात. सासऱ्यांसमोर सुनेनं खुर्ची ओढून बसायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिनं भावकीतल्या साऱ्या सुना दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिलेल्या पाहिल्या, आणि तीही टेकली. तिथून टीव्ही तिरपा दिसायचा. रंग कळायचे, चेहरे लांबुळके व्हायचे. तिला टीव्हीचं वेड नव्हतंच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नव्हतं.

काळ्या पट्टीसाठी रविवारी जितेश आला. रिमोट हातात घेऊन त्यानं सगळ्यांना व्याख्यान दिलं. जुने कार्यक्रम चौकोनी आकाराचे असतात, नवा टीव्ही रुंद. आकार जुळला नाही की काळ्या पट्ट्या पडतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार बदलला की झालं. त्यानं आकार बदलला आणि विचारलं, "आली का काका पट्टी?"

"हाय अजून."

त्यानं आणखी एक आकार लावला, मग वायर काढून टीव्हीच्या दुसऱ्या भोकात घातली. तात्यांनी डोक्यावरची टोपी मागं सारली, मान जरा वर केली आणि म्हणाले, गेली. जितेश खूष झाला. हर्षला चौकटीतून बघत होती. तिच्या मनात एक गोष्ट अडकली. असल्या पट्ट्या जोडीनं पडतात, एक वर आणि एक खाली, किंवा दोन्ही बाजूंना. पुस्तकातल्या आकृतीत तसंच होतं. तिनं तात्यांना विचारलं, खालीही होती का? ते म्हणाले, "नाय गं, वरच्याच अंगाला." आणि पुन्हा टोपी मागं सारली. टोपी तर मागंच होती.

हे टोपी सारणं तिनं हल्ली बऱ्याचदा पाहिलं होतं. काही विचारलं की हात टोपीकडं. लपवाछपवी करणाऱ्या माणसाचा हात असा कशाकडं तरी जातो, असं तिला वाटून गेलं, आणि वाटल्याबद्दल स्वतःची लाजही वाटली.

संध्याकाळी तिनं मुद्दाम टीव्हीसमोर उभं राहून पाहिलं. चित्र आरशासारखं लख्ख. चमक नाही, माश्या नाहीत, पट्टी नाही. योगेंद्रलाही दाखवलं. तो म्हणाला, टीव्हीला काय धाड भरलीय? आणि तात्या? ज्या तात्यांच्या हातून संध्याकाळी रिमोट काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती, ते दिवेलागणीला उठून ओट्यावर जाऊन बसायला लागले होते. बातम्या सोडून अंधारात. चित्र बिघडायचं ते बहुतेक दुपारीच. घरात दुसरं मोठं माणूस कुणी जागं नसताना.

बीएस्सीच्या मुलीनं मग बीएस्सीच्या मुलीसारखं केलं. एका सुट्टीच्या दिवशी तिनं बॉक्सची वायर काढून तिथं स्वतःचा लॅपटॉप जोडला. पट्टी गेली तर दोष बॉक्सचा, राहिली तर टीव्हीचा, सरळ हिशोब. तात्या म्हणाले, हाय. ती चटकन पुढं येऊन बघायला लागली, तर काही नव्हतं. "तात्या, आता तर नाही दिसत."

"आत्ता गेली ना," ते म्हणाले. तिच्याकडं न बघता.

त्या दिवशी तिनं वायर दुसऱ्या भोकात घट्ट बसवली आणि वर चिकटपट्टी लावली. काळी, इलेक्ट्रिशियन वापरतात ती. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर टीव्हीवर निळा पडदा, 'नो सिग्नल' अशी अक्षरं. मागं वाकून पाहिलं. चिकटपट्टी सोललेली, वायर पुन्हा पहिल्या भोकात, तीही अर्धवट. तात्यांना विचारलं. हात टोपीकडं गेला. "मला काय ठावं?"

ईशानीचा हात तिथवर पोचत नव्हता. तात्यांना ठाऊक नव्हतं. मग वायर काढली कुणी?

इथून पुढं हर्षलाला झोप लागेना. दुपारी घरात कुणीतरी येतंय, हे तिच्या मनानं धरलं. जितेशला तात्यांच्या जमिनीतला रस्त्याकडेचा तुकडा हवा होता, दुसरं दुकान टाकायला. दोन-तीनदा त्यानं तात्यांपुढं तो विषय काढला होता आणि तात्यांनी तो उडवून लावला होता. टीव्हीच्या निमित्तानं तो एकट्या म्हाताऱ्याला गाठत असेल का? आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत बोलत बसले असताना ईशानी कुठं असते? मागचं दार, विहीर, बुटका कठडा. तिनं ऑफिसातून सुटल्यावर वाट वाकडी करून जितेशचं दुकान गाठलं. इकडचं तिकडचं बोलून हळूच खडा टाकला, दुपारी आमच्याकडं येऊन गेलात वाटतं? जितेश हसला. "वैनी, दुपारी गल्ला सोडून आलो ना, तर समीक्षा मला घरात घेनार नाय." समीक्षा म्हणजे त्याची बायको. ती काउंटरमागून म्हणाली, असं पण कुठं घेते? दोघंही हसले. हर्षलाही हसली, पण तिला वाटलं, फार लवकर हसला हा.

तिनं योगेंद्रपाशी कॅमेऱ्याचा विषय काढला. छोटा असतो, मोबाईलवर दिसतं. योगेंद्र जेवता जेवता थांबला. "बापावर कॅमेरा लावू?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी नीट बोलला नाही.

मग तात्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं. गोठ्याच्या दाराची चौकट लागली म्हणाले. ज्या गोठ्यात ते जन्मभर मान वाकवून शिरले, त्याची चौकट आता लागली? पोपटीच्या दिवशी तर कहरच झाला. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून ते उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करून शेंगा भाजायच्या, हे काम आळीत तात्यांचं. त्यांच्यासारखी पोपटी कुणाची लागत नाही. यंदा जाळ एका अंगानं चढत गेला तरी ते तिथंच उभे. पोरं ओरडली तेव्हा कुठं मागं सरले. आळीतले म्हणाले, तात्याचं ध्यान नाय हल्ली. हर्षलाला वाटलं, ध्यान नाही म्हणजे कसल्यातरी दडपणाखाली आहेत. कुणीतरी धमकावतंय. ते टेंगूळ चौकटीचं नव्हे.

आणि त्याच आठवड्यात, रात्री केस विंचरताना, ईशानी सहज बोलून गेली. "आई, मी आणि आजोबा गंमत खेळतो. टीव्हीची."

"कसली गंमत?"

"आईला नाय सांगायची. आजोबा म्हणाले."

हर्षलाचा कंगवा तिथंच थांबला. तिनं आवाज साधा ठेवून पुन्हा पुन्हा विचारलं, गंमत काय असते, अजून कोण असतं, कोण काका येतात का. ईशानी उशीत तोंड खुपसून खिदळली आणि झोपून गेली. हर्षला तिच्याकडं बघत राहिली. बायजाकाकूचं ते वाक्य तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. काकूला काहीतरी दिसलं होतं. दिसलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, आणि आपण रिक्षात बसून निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. शिळफाट्याला पोचली, सहीपुरती ऑफिसात बसली, मग पोट दुखतंय सांगून उठली. उलटी रिक्षा पकडली. घरापर्यंत न येता वळणावरच उतरली आणि रस्ता सोडून वालाच्या वावरातून, बांधाबांधानं, मागच्या अंगानं घराकडं आली. स्वतःच्या घरात चोरासारखी. विहिरीवर कुणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं होतं. दारात कुणाची गाडी नाही, चपला फक्त तात्यांच्या, ईशानीच्या आणि आत झोपलेल्या योगेंद्रच्या. बाहेरच्या खोलीची खिडकी उघडी होती. तिथं भिंतीला लागून ती उभी राहिली आणि एका डोळ्यानं आत पाहिलं.

टीव्ही चालू होता. कार्टूनमधला हत्ती, सोंडेनं पाणी उडवतोय. चित्र लख्ख. ईशानी तात्यांच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. आणि टीव्हीच्या मागं, भिंतीच्या फटीत वाकून, हातात वायरीचं टोक घेऊन उभे होते ते तात्या. दुसरं कुणीही नव्हतं.

तात्यांनी वायर काढली. टीव्ही निळा झाला. पुन्हा घातली, हत्ती परत आला.

"आलं का गं?" तात्यांनी विचारलं.

"आलं आजोबा."

"समदं आलं? वरच्या अंगाला काळं हाय का बघ."

ईशानीनं मान तिरकी करून नीट पाहिलं. "नाय. वर आभाळ आहे. निळं."

तात्या टीव्हीच्या मागून बाहेर आले. खुर्चीपाशी येताना त्यांचा हात हवेत आधी खुर्ची शोधत आला. ते ईशानीच्या शेजारी उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि टीव्हीकडं बघितलं. हनुवटी वर, आणखी वर, जणू समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायचंय. बराच वेळ बघितलं. "हत्तीचं डोकं कुटंय पोरी?" त्यांनी हळूच विचारलं. ईशानी उतरून टीव्हीपाशी गेली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, हे काय. तात्या परत टीव्हीच्या मागं गेले आणि पुन्हा वायर काढली.

खिडकीबाहेर हर्षला भिंतीला टेकली. कुणीही येत नव्हतं या घरात. कुणी धमकावत नव्हतं. इतके दिवस तिनं साऱ्या गावावर संशय घेतला होता, बॉक्सवर, वायरीवर, दिरावर. आणि जो माणूस समोर बसून "हाय" आणि "नाय" सांगत होता, त्याला काय दिसतंय हे विचारलंच नव्हतं. लगेच दुसरा विचार आला. या माणसापाशी आपण रोज आपली पोर सोडून जातो.

ती पुढच्या दारानं आत गेली. तात्या दचकले, वायर हातातच राहिली. ईशानी "आई" म्हणून पायाला बिलगली. हर्षलानं तिला कडेवर घेतलं, आणि या घरात आल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. स्टूल ओढलं आणि तात्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसली.

तात्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. झोडणीत भाताचं कुसळ गेलं, पिकलं, मग त्या डोळ्यानं उजेड-अंधारच काय तो कळायचा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, इतकं ठाऊक की कुणाच्या ध्यानातही नसायचं. म्हणजे जे काही होतं ते उजव्या डोळ्यावर. हर्षलानं त्यांना सरळ समोर, तिच्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि स्वतःचा हात त्यांच्या डोक्याच्याही वर धरला.

"हात हळूहळू खाली आणते. दिसला की सांगा. डोळा हलवायचा नाही."

हात कपाळापर्यंत आला. तात्या गप्प. भुवईपर्यंत आला. गप्प. तिचा हात डोळ्यासमोर, अगदी तिच्या नाकाच्या शेंड्याशी येऊन ठेपला तेव्हा ते म्हणाले, "आला."

खालून हात वर आणला तर लगेच दिसला. पट्टी टीव्हीत नव्हतीच.

"तात्या, कधीपासून?"

तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, आधी वाटलं टीवीच हाय. मग वाटलं टोपी खाली येते. मग कळलं. कळलं तरी रोज वायर काढून बघायचो, एखादवेळी वायरीचंच निघंल म्हणून. ईशानी सांगायची ते ऐकायचो.

"अहो, पण मला का नाही सांगितलंत? ह्यांना का नाही?"

"तू पोरीला नेली असतीस," तात्या म्हणाले. "पाळणाघरात नायतर कर्जतला तुज्या आयशीकडं. नेलीच असतीस. मंग मी दुपारचा काय करू हितं?"

तिला राग आला होता, भयंकर आला होता. विहीर, जाळ, डंपर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. काय काय बोलायचं होतं. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. तिनं खरंच नेलं असतं. ती उठली, मागच्या दाराची कडी पुन्हा एकदा पाहून आली, आणि झोपलेल्या योगेंद्रला हलवून उठवलं.

त्याच दिवशी ते पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पोचले. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, दिवा लावून पाहिलं आणि यांनी सांगायच्या आधी स्वतःच विचारलं, आधी कडेला वीज चमकायची का? मग माश्यांसारखे ठिपके? मग वरून काळं उतरायला लागलं? हर्षला हो म्हणत गेली. प्रत्येक गोष्टीचा दिवस तिला आठवत होता, कारण प्रत्येक गोष्ट तिनं वायर दाबून दुरुस्त केली होती. बाईंनी सांगितलं, डोळ्याच्या आतला थर खालच्या बाजूनं सुटत चाललाय. खालचा सुटला की वरचं दिसत नाही. नशीब एवढंच की तो सावकाश सुटतोय आणि मधली जागा अजून धरून आहे. पण दिवस घालवू नका. चमक दिसली तेव्हाच आला असता, तर थोडक्यात भागलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. तात्यांचा डोळा वाचला, पूर्वीसारखा मात्र झाला नाही. माणसं ओळखतात, ताटातलं दिसतं, दिवसा ओळखीच्या वाटेनं चालतात. वरच्या बाजूला धुरकट राहिलं आहे, ते राहीलच असं बाई म्हणाल्या. जाळाजवळ आणि विहिरीकडं जायचं नाही असं हर्षलानं त्यांना स्पष्ट सांगितलं, समोर बसून सांगितलं, आणि त्यांनी मुकाट ऐकलं.

ईशानीला तिनं कुठं नेलं नाही. पण एकटंही सोडलं नाही. दुपारची बायजाकाकू येऊन बसते, सुपात काहीतरी निवडत. तात्या म्हणतात, ही राखणीला आली का चहाला? ती म्हणते, दोन्हीला, दूध जास्त घाल. विहिरीचा कठडा योगेंद्रनं उंच करून घेतला.

एकदा हर्षलानं काकूला विचारलंच, तुम्हाला कसं कळलं होतं? काकू म्हणाली, तात्या एक दिवस माझ्याकडं आला, टीवीसमोर बसला आणि म्हणाला, तुज्या पण टीवीत माश्या हायेत गं. माझ्या टीवीत कुटल्या माश्या? मी बोलले, तर मलाच देवाची शप्पत घातली, घरी सांगायचं नाय म्हणून.

"मग थोडं तरी सरळ सांगायचंत ना काकू."

"सरळ सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ही भवानी माझ्या सासऱ्याला आंधळं ठरवते."

खरंच, हर्षला तेच म्हणाली असती.

तेव्हापासून तिला एक खोड लागली आहे. ऑफिसात फी भरायला येणारे पालक असोत, माहेरची माणसं असोत, बोलता बोलता ती विचारते, घरात म्हातारं माणूस कोण आहे, कसं आहे, टीव्ही बघतात का? लोकांना वाटतं ही चांभारचौकशी आहे. वाटू दे. हे वाचताय त्या तुम्हालाही ती सोडणार नाही. तुमचे आजोबा, आत्या, सासूबाई, शेजारच्या एकट्या बाई, कुणी ना कुणी असेलच, की हल्ली चित्र नीट येत नाही, चमकतं, काळं दिसतं म्हणतात. बॉक्स बदला, वायर बदला, हरकत नाही. पण आधी त्यांच्या शेजारी जाऊन बसा. एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा, आणि काय दिसतं, कुठवर दिसतं ते विचारा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळी म्हातारी माणसं बरीच असतात. आज जाऊन या.